हायड्रोजन साठवण : हायड्राइड-अमाइड मिश्रणांचे यांत्रिक चूर्णन

धातूंची हायड्राइडे व अमाइडे यांची मिश्रणे गोळ्यांच्या चक्कीत, म्हणजे बॉल मिलमध्ये, अक्रिय वायूच्या आवरणाखाली तासन्‌तास दळून त्यांपासून हायड्रोजन सामावून घेणारे व तापविल्यावर तो परत देणारे घन पदार्थ तयार करण्याची पद्धती. हायड्रोजन व धातू यांच्या संयुगास हायड्राइड म्हणतात. अमोनियाच्या रेणूतील तीन हायड्रोजन अणूंपैकी एकाच्या जागी धातू आल्यास अमाइड, दोहोंच्या जागी आल्यास इमाइड आणि तिन्हींच्या जागी आल्यास नायट्राइड तयार होते. या चार संयुगांमधील परस्परविक्रिया विसाव्या शतकाच्या आरंभापासून माहीत होत्या. तथापि वायू साठविण्यासाठी त्यांचा उपयोग करता येईल, ही कल्पना २००२ मध्ये पुढे आली. त्यानंतरच्या दोन दशकांत या मिश्रणांकडून पुष्कळ अपेक्षा केल्या गेल्या. त्यांपैकी काही पूर्ण झाल्या, काही अपुऱ्या राहिल्या. या विषयाचा इतिहास हा बऱ्याच अंशी या अपेक्षा व पदार्थांचे मूळ गुणधर्म यांच्यातील ओढाताणीचा इतिहास आहे.

साठवणीचा प्रश्न : हायड्रोजन जळला असता केवळ पाणी तयार होते आणि एक किग्रॅ. हायड्रोजनापासून सु. १२० मेगॅजूल उष्णता मिळते. हे प्रमाण पेट्रोलच्या जवळजवळ पावणेतीन पट आहे. मात्र सर्वांत हलका वायू असल्यामुळे तो जागा फार व्यापतो. मोटारगाडीला ५०० किमी.च्या आसपास प्रवास करण्यासाठी सु. ५ किग्रॅ. हायड्रोजन पुरतो, परंतु नेहमीच्या तापमानाला व वातावरणाच्या दाबाला तेवढ्याच हायड्रोजनाचे घनफळ ५५ घन मी.हून अधिक भरते. तो ७०० वातावरण इतक्या दाबाखाली ठेवल्यास १ घन मी. जागेत सु. ४० किग्रॅ. मावतो. −२५३° से. तापमानाला द्रवरूपात तो सु. ७१ किग्रॅ. मावतो, पण द्रवीकरणास पुष्कळ ऊर्जा खर्ची पडते व टाकीतून बाष्प सतत निसटत राहते. याउलट मॅग्नेशियम हायड्राइड या घन पदार्थाच्या १ घन मी. घनफळात सु. ११० किग्रॅ. हायड्रोजन असतो. घन पदार्थात अणू द्रवापेक्षाही दाटीने बसतात, ही गोष्टच या सर्व संशोधनाचे मूळ होय. अशा साठवणीला उच्च दाब लागत नाही आणि टाकी फुटली तरी सर्व वायू एकदम बाहेर पडत नाही.

उपयुक्त पदार्थाकडून मात्र अनेक अटी एकाच वेळी पाळल्या जाणे अवश्य असते. त्यात वजनाच्या मानाने पुरेसा हायड्रोजन असला पाहिजे, इंधन-विद्युत् घटातून मिळणाऱ्या उष्णतेवर, म्हणजे १०० से.च्या आसपास, त्याने तो सोडला पाहिजे, काही मिनिटांत परत घेतला पाहिजे आणि शेकडो आवर्तनांनंतरही त्याची क्षमता टिकली पाहिजे. एक अट पुरी करणारे पदार्थ पुष्कळ आहेत. सर्व अटी पुऱ्या करणारा पदार्थ मिळविणे हीच खरी अडचण ठरली.

हायड्राइडांचा पूर्वेतिहास : ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहॅम यांनी १८६६ मध्ये पॅलॅडियम धातू स्वतःच्या घनफळाच्या शेकडो पट हायड्रोजन शोषून घेतो, असे दाखविले. पॅलॅडियम अतिशय महाग असल्याने हा शोध बराच काळ प्रयोगशाळेपुरता राहिला. १९५१ मध्ये ई. व्हीबेर्ख व त्यांचे सहकारी यांनी मॅग्नेशियम व हायड्रोजन यांच्या प्रत्यक्ष संयोगाने मॅग्नेशियम हायड्राइड तयार केले. त्यासाठी ५७०° से. तापमान, २०० वातावरण दाब आणि मॅग्नेशियम आयोडाइड हा उत्प्रेरक योजावा लागला. अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत जे. जे. रायली व आर. एच. विस्वॉल यांनी १९६८ मध्ये मॅग्नेशियम-निकेल आणि १९७४ मध्ये लोह-टिटॅनियम या मिश्रधातूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. याच सुमारास नेदर्लंड्समधील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत लँथॅनम-निकेल मिश्रधातू सामान्य तापमानालाच हायड्रोजन घेतो व सोडतो, असे आढळून आले. पुढे निकेल-धातू हायड्राइड विद्युत् घटमाला याच कुळातील मिश्रधातूंपासून निघाल्या.

या मिश्रधातूंचा दोष म्हणजे त्यांचे वजन. लँथॅनम-निकेल मिश्रधातूत वजनाच्या सु. १.४% एवढाच हायड्रोजन मावतो, म्हणजे ५ किग्रॅ. हायड्रोजनासाठी सु. ३६० किग्रॅ. मिश्रधातू लागतो. लोह-टिटॅनियमामध्ये हे प्रमाण २ टक्क्यांच्या आतच राहते. मॅग्नेशियम हायड्राइडामध्ये ते ७.६% असून त्याचे ६६ किग्रॅ. पुरेसे होतात, पण हायड्रोजनाचा दाब एक वातावरण होण्यासाठी ते ३०० से.च्या आसपास तापवावे लागते आणि तेथेही ही विक्रिया अत्यंत संथपणे घडते. जड पण तत्पर आणि हलका पण हट्टी अशा दोन प्रकारच्या पदार्थांमध्ये निवड करण्याची पाळी संशोधकांवर आली. दुसऱ्या प्रकारच्या पदार्थांचा संथपणा घालविण्याचे साधन चक्कीच्या रूपाने मिळाले.

खल व चक्की : घोटण्याने व दळण्याने रासायनिक बदल घडतो, ही माहिती प्राचीन आहे. इ. स. पू. चौथ्या शतकातील ग्रीक विद्वान थीओफ्रॅस्टस यांनी हिंगूळ हे खनिज तांब्याच्या खलात व्हिनेगराबरोबर घोटले असता पारा मिळतो, अशी नोंद केली आहे. भारतीय रसशास्त्रात पारा व गंधक खलात एकत्र घोटून काळी कज्जली करतात, तेव्हाही अग्नीचा उपयोग न करता दोन मूलद्रव्यांचा संयोग घडून येतो. मायकेल फॅराडे यांनी १८२० मध्ये सिल्व्हर क्लोराइड जस्ताबरोबर खलात घोटून त्यातील चांदी वेगळी केली. अमेरिकन संशोधक एम. कॅरी ली यांनी १८९० नंतरच्या काही वर्षांत महत्त्वाचा निष्कर्ष काढला : चांदी व पारा यांची काही संयुगे तापविल्याने वितळतात किंवा त्यांचे संप्लवन होते, पण घोटल्याने त्यांचे अपघटन होते. याचा अर्थ, घर्षण हे केवळ उष्णता निर्माण करण्याचे साधन नसून त्याचा परिणाम स्वतंत्र स्वरूपाचा आहे.

उद्योगधंद्यात सिमेंट, रंगद्रव्ये व धातुके दळण्यासाठी गोळ्यांच्या चक्क्या पूर्वीपासून वापरात होत्या. फिरत्या पिंपात कठीण गोळे व दळावयाचा पदार्थ ठेवला, की गोळे वर चढून खाली आदळतात आणि पदार्थाचे चूर्ण होते. इंटरनॅशनल निकेल कंपनीतील जॉन एस. बेंजामिन यांनी १९६० नंतरच्या दशकात या साधनाला नवे काम दिले. विमानाच्या एंजिनासाठी लागणाऱ्या निकेल मिश्रधातूत ऑक्साइडाचे अतिसूक्ष्म कण सारखे पसरविण्याकरिता त्यांनी चूर्णे उच्च ऊर्जेच्या चक्कीत दीर्घ काळ दळली. १९७० मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. गोळ्यांच्या माऱ्यात धातूचे कण पुनःपुन्हा चपटे होतात, एकमेकांना चिकटतात व तुटतात आणि अखेरीस त्यांचे अणुपातळीवर मिश्रण होते. या क्रियेला यांत्रिक मिश्रधातुकरण असे नाव पडले. १९८३ मध्ये सी. सी. कॉक व त्यांचे सहकारी यांनी निकेल व निओबियम यांच्या चूर्णांपासून केवळ दळण्याने अस्फटिकी मिश्रधातू मिळविला.

मॅग्नेशियमवरील प्रयोग : हायड्रोजन साठवणीसाठी चक्कीचा उपयोग करण्याचा एक आरंभीचा प्रयत्न सोव्हिएट रशियातील नोव्होसिबिर्स्क येथे झाला. ई. इव्हानोव्ह, व्ही. व्ही. बोल्डिरेव्ह व त्यांचे सहकारी यांनी मॅग्नेशियमाच्या यांत्रिक मिश्रधातूंवरील काम १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. १९९० नंतर कॅनडातील माँट्रिऑल येथील मॅक्‌गिल विद्यापीठ आणि क्वीबेक प्रांतातील हायड्रो-क्वीबेक संस्था यांनी हा अभ्यास पुढे नेला. त्यात ध्यानात आलेली एक साधी गोष्ट फार उपयोगी पडली. शुद्ध मॅग्नेशियम मऊ व तन्य असल्याने चक्कीच्या भिंतीला व गोळ्यांना चिकटून बसते. पण त्याचे हायड्राइड ठिसूळ असल्याने ते सहज फुटते. म्हणून धातू दळून मग हायड्रोजन देण्याऐवजी आधी हायड्राइड करून ते दळणे सोयीचे ठरले. जे. ह्यूओ व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनानुसार २० तास दळल्याने मॅग्नेशियम हायड्राइडाचे पृष्ठफळ दर ग्रॅ.ला १.२ चौ. मी.वरून ९.९ चौ. मी.पर्यंत वाढले आणि हायड्रोजन सुटण्याची सक्रियण ऊर्जा दर मोलला १५६ किलोजूलवरून १२० किलोजूलवर आली.

दळण्याचे परिणाम मुख्यत्वे तीन आहेत. कणांतील स्फटिकांचा आकार १० ते २० नॅनोमीटर एवढा लहान होतो आणि हायड्रोजन अणूंना विसरणासाठी तोडावे लागणारे अंतर घटते. स्फटिकजालकात असंख्य दोष निर्माण होऊन अणूंना वाटा मिळतात. आणि टिटॅनियम, व्हॅनेडियम, निओबियम यांसारख्या धातूंचे किंवा त्यांच्या ऑक्साइडांचे उत्प्रेरक कण सर्वत्र पसरतात. जर्मनीतील गेस्टाख्ट येथील संशोधकांनी २००१ ते २००३ या काळात ऑक्साइडे मिसळून दळलेले मॅग्नेशियम हायड्राइड ३००° से. तापमानाला काही मिनिटांतच हायड्रोजन घेते व सोडते, असे दाखविले. पूर्वी याला कित्येक तास लागत असत.

मात्र ३००° से. हा आकडा तसाच राहिला. मॅग्नेशियम व हायड्रोजन यांच्यातील बंध तोडण्यास दर मोल हायड्रोजनामागे सु. ७५ किलोजूल उष्णता लागते. ही त्या संयुगाची मूळ देणगी असून साध्या दळण्याने ती फारशी बदलत नाही. मोलभर हायड्रोजन जाळून सु. २४२ किलोजूल मिळतात, हे लक्षात घेतले म्हणजे मिळणाऱ्या ऊर्जेचा जवळजवळ तिसरा हिस्सा वायू बाहेर काढण्यातच खर्च होतो, असे दिसते. चक्कीमुळे विक्रियेचा वेग वाढतो, पण तिचा समतोल चक्की ठरवीत नाही, हा या टप्प्याचा धडा होय. समतोल बदलावयाचा तर संयुगच बदलणे आवश्यक होते.

या दिशेने पहिले मोठे पाऊल जर्मनीतील म्यूलहाइम येथील माक्स प्लांक कोळसा संशोधन संस्थेत पडले. बोरिस्लाव्ह बोग्दानोव्हिच व मान्फ्रेट श्विकार्डी यांनी १९९७ मध्ये सोडियम ॲल्युमिनियम हायड्राइडात टिटॅनियमाचे संयुग अल्प प्रमाणात मिसळले असता त्यातून सुटलेला हायड्रोजन परत भरता येतो, असे सिद्ध केले. या संयुगातून दोन टप्प्यांत मिळून सैद्धांतिक दृष्ट्या ५.६% हायड्रोजन मिळतो. आरंभी टिटॅनियम द्रावणातून मिसळले जाई; लवकरच त्या ठिकाणी चक्की आली. हलक्या मूलद्रव्यांची गुंतागुंतीची हायड्राइडे व्युत्क्रमी होऊ शकतात, हा विश्वास या शोधामुळे निर्माण झाला.

अमाइडांचा प्रवेश : अमाइडांचा इतिहास याहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गे-ल्युसॅक व तेनार यांनी तापलेल्या पोटॅशियमावर अमोनिया सोडून पोटॅशियम अमाइड मिळविले. १८९४ मध्ये ए. डब्ल्यू. टिदर्ली यांनी सोडियम, पोटॅशियम व लिथियम यांच्या अमाइडांचा पद्धतशीर अभ्यास केला. १९१० मध्ये एफ. डब्ल्यू. डाफर्ट व आर. मिक्लाउझ यांनी लिथियम नायट्राइड हायड्रोजनात तापविले असता ते पुष्कळ हायड्रोजन घेते, असे नोंदविले आणि हे एक नवे संयुग असल्याचे मानले. पुढच्याच वर्षी ओटो रुफ व एच. गेओर्गेस यांनी ते संयुग नसून लिथियम अमाइड व लिथियम हायड्राइड यांचे मिश्रण आहे, असे दाखविले. म्हणजे पुढे नव्वद वर्षांनी महत्त्व पावलेले मिश्रण तेव्हाच रसायनशास्त्राच्या ग्रंथांत नोंदले गेले होते. परंतु हायड्रोजन हे वाहनाचे इंधन होईल, हा विचार त्या काळी नसल्याने त्या नोंदीकडे कोणी त्या दृष्टीने पाहिले नाही.

सिंगापूर राष्ट्रीय विद्यापीठातील चेन पिंग, श्योंग झिताओ व त्यांचे सहकारी यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये नेचर या नियतकालिकात आपला निबंध प्रसिद्ध केला. लिथियम नायट्राइड हायड्रोजन घेऊन पुन्हा सोडते, हे त्यांनी मोजून दाखविले. ही विक्रिया दोन टप्प्यांत घडते :

लिथियम नायट्राइड + हायड्रोजन ⇌ लिथियम इमाइड + लिथियम हायड्राइड

लिथियम इमाइड + हायड्रोजन ⇌ लिथियम अमाइड + लिथियम हायड्राइड

दोन्ही टप्पे मिळून अंतिम मिश्रणाच्या वजनाच्या १०.४% हायड्रोजन साठतो. पहिला टप्पा उलटविण्यास फार उष्णता लागते. म्हणून व्यवहारात दुसराच टप्पा उपयोगी पडतो. त्यात अमाइड व हायड्राइड सम मोल प्रमाणात घेतल्यास ६.५% हायड्रोजन मिळतो, म्हणजे ५ किग्रॅ.साठी सु. ७७ किग्रॅ. मिश्रण पुरते. हिरोशिमा विद्यापीठातील टी. इचिकावा, एच. फुजी व त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये हे मिश्रण टिटॅनियम क्लोराइडाच्या अल्पांशासह चक्कीत दळले, तेव्हा १५०° ते २५०° से. या मर्यादेत बहुतेक सर्व हायड्रोजन बाहेर पडला. नुसते हाताने मिसळलेल्या चूर्णांतून याच्या जोडीने पुष्कळ अमोनियाही निघतो. दळलेल्या मिश्रणातून मात्र तो आढळण्याजोगा निघाला नाही. दोन घनांची विक्रिया त्यांच्या कणांच्या परस्परसंपर्कावर किती अवलंबून असते, हे या फरकावरून स्पष्ट झाले.

विक्रियेच्या यंत्रणेविषयीचा वाद : ही विक्रिया कशी घडते, याबद्दल दोन मते मांडली गेली. चेन व त्यांचे सहकारी यांच्या मते अमाइडातील हायड्रोजन अंशतः धन विद्युत् भारित, तर हायड्राइडातील ऋण विद्युत् भारित असतो आणि त्यांच्या परस्पर आकर्षणामुळे हायड्रोजनाचा रेणू तयार होतो. दुसऱ्या मतानुसार अमाइडाचे प्रथम इमाइड व अमोनिया यांमध्ये अपघटन होते आणि हा अमोनिया हायड्राइडाशी संयोग पावून हायड्रोजन मोकळा करतो व पुन्हा अमाइड बनते. अमेरिकेतील बफालो येथील वाय. एच. हू व एली रुकेनस्टाइन यांनी २००३ मध्ये अमोनिया व लिथियम हायड्राइड यांची विक्रिया काही हजारांश सेकंदांतच पुरी होते, असे दाखवून या मताला आधार दिला. हिरोशिमा येथील प्रयोगही त्याच बाजूचे होते. २००७ मध्ये ब्रिटनमधील डब्ल्यू. आय. एफ. डेव्हिड व त्यांचे सहकारी यांनी क्ष-किरण विवर्तनाच्या साहाय्याने तिसरी बाजू पुढे आणली. अमाइड व इमाइड यांची स्फटिकरचना एकमेकींशी इतकी मिळतीजुळती आहे, की लिथियम आयन जागा बदलत गेल्यास एकीतून दुसरी सलगपणे बनत जाते, असे त्यांनी दाखविले.

हा वाद केवळ तात्त्विक नव्हता. अमोनिया हा विक्रियेतील अटळ दुवा असेल, तर त्याचा काही अंश केव्हा ना केव्हा निसटणारच. इंधन-विद्युत् घटाला अमोनिया विषासारखा बाधक असून वाहनांसाठीच्या हायड्रोजनात त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत ०.१ भागापेक्षा अधिक नसावे, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. शिवाय निसटलेल्या अमोनियाबरोबर मिश्रणातील नायट्रोजनही जातो आणि दर आवर्तनागणिक साठवणक्षमता घटते.

लिथियम-मॅग्नेशियम मिश्रण : लिथियमाच्या मिश्रणाचे तापमान खाली आणण्यासाठी २००४ मध्ये अमेरिका, सिंगापूर व जपान येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे मॅग्नेशियमाचा उपयोग केला. कॅलिफोर्नियातील सँडिया प्रयोगशाळेच्या लुओ वैफांग यांनी लिथियम अमाइड व मॅग्नेशियम हायड्राइड २:१ या मोल प्रमाणात घेतले. हायड्रोजन सुटल्यावर लिथियम-मॅग्नेशियम इमाइड बनते आणि त्यात परत हायड्रोजन भरला असता मॅग्नेशियम अमाइड व लिथियम हायड्राइड तयार होतात, म्हणजे दोन धातू आपले जोडीदार बदलतात. याची सैद्धांतिक क्षमता ५.६% आहे. विक्रियेची उष्णता दर मोलला सु. ४० किलोजूल असल्याने सु. ९०° से. तापमानाला एक वातावरण दाब मिळावा, असे गणित निघाले. इंधन-विद्युत् घटाला साजेसा पदार्थ सापडला, असे त्या वेळी अनेकांना वाटणे स्वाभाविक होते.

प्रत्यक्षात हे मिश्रण पुरेशा वेगाने हायड्रोजन सोडू लागण्यास १८०° ते २००° से. तापमान लागते. येथे मॅग्नेशियम हायड्राइडाच्या उलट परिस्थिती होती : समतोल अनुकूल, पण वेग प्रतिकूल. चीनमधील दालियन रासायनिक भौतिकी संस्थेत गेलेल्या चेन पिंग यांच्या गटाने २००९ मध्ये या मिश्रणात पोटॅशियम हायड्राइड अल्प प्रमाणात मिसळून दळले, तेव्हा सु. १०७° से. तापमानाला हायड्रोजन घेणे व सोडणे शक्य झाले. मात्र अशा तापमानाला विक्रिया धीमी राहते आणि तापमान वाढविल्यास पोटॅशियमाचा परिणाम पुढे ओसरतो.

चक्कीतील प्रत्यक्ष क्रिया : प्रयोगशाळेत बहुधा ग्रहीय चक्की वापरतात. तीत पात्रे एका तबकडीवर बसविलेली असून ती तबकडीबरोबर व स्वतःभोवती उलट दिशेने फिरतात; त्यामुळे गोळ्यांवर गुरुत्वाच्या कित्येक पट प्रेरणा येते. पात्रे व गोळे पोलादाचे किंवा टंगस्टन कार्बाइडाचे असतात. गोळ्यांचे वजन चूर्णाच्या दहापटीपासून कित्येक दसपटींपर्यंत ठेवतात. हायड्राइडे व अमाइडे पाण्याशी जोराने विक्रिया करतात आणि त्यांचे सूक्ष्म चूर्ण हवेत आपोआप पेट घेऊ शकते. म्हणून पात्रे आर्गॉन वायूने भरलेल्या हातमोजा-पेटीत भरतात व तेथेच उघडतात. दळताना पात्र तापून विक्रिया अकाली घडू नये, यासाठी चक्की ठरावीक वेळाने थांबवितात.

चक्की ही केवळ मिसळण्याचे साधन नाही, हे या पदार्थांच्या बाबतीत विशेष ध्यानात ठेवावे लागते. लिथियम अमाइड व मॅग्नेशियम हायड्राइड पुरेसा वेळ दळल्यास धातूंची अदलाबदल चक्कीतच होते. मॅग्नेशियम अमाइड व मॅग्नेशियम हायड्राइड यांचे मिश्रण दळले, तर बाहेरून उष्णता न देताही हायड्रोजन पात्रातच सुटतो आणि मॅग्नेशियम नायट्राइड उरते, असे चेन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखविले. या विक्रियेत ७.४% हायड्रोजन आहे. हिरोशिमा येथे अमोनियाच्या आवरणाखाली हायड्राइड दळून सामान्य तापमानाला अमाइडे बनविण्यात आली. याउलट, अधिक दळण्याने पोलादातील लोह चूर्णात मिसळते आणि साठवणक्षमतेचा काही भाग आधीच खर्ची पडतो. म्हणून चक्कीचा प्रकार, गती, गोळ्यांचे प्रमाण व कालावधी यांची नोंद नसलेले निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. या क्षेत्रातील अनेक मतभेदांचे मूळ येथेच आहे.

अमोनिया व उष्णता : लुओ व के. स्ट्यूअर्ट यांनी २००७ मध्ये लिथियम-मॅग्नेशियम मिश्रणातून सुटणाऱ्या हायड्रोजनातील अमोनिया मोजला. १८०° से. तापमानाला दशलक्ष भागांत सु. १८० व २४०° से.ला सु. ७२० भाग असे ते प्रमाण आढळले. मानकाशी तुलना केली असता वायू गाळून शुद्ध केल्याशिवाय घटाला देता येत नाही, हे उघड होते.

दुसरी अडचण भरण्याच्या वेळची आहे. हायड्रोजन सोडताना जितकी उष्णता द्यावी लागते, तितकीच तो भरताना बाहेर पडते. ५ किग्रॅ. म्हणजे सु. २,५०० मोल हायड्रोजन दर मोलला ४० किलोजूल या हिशेबाने भरल्यास १०० मेगॅजूल उष्णता निघते. ती पाच मिनिटांत काढावयाची तर ३०० किलोवॉटपेक्षा अधिक क्षमतेचे शीतन हवे. चूर्ण हे उष्णतेचे मंद वाहक असल्यामुळे ते ग्रॅफाइटाबरोबर दाबून वड्या करणे, टाकीत नळ्यांचे जाळे बसविणे असे उपाय योजले गेले. त्यांचे वजन धरले, की पदार्थाची ५.६% क्षमता संपूर्ण टाकीच्या हिशेबात बरीच खाली येते.

धोरण व उपयोग : या संशोधनाला चालना मिळण्यास अमेरिकेने २००३ मध्ये जाहीर केलेला हायड्रोजन इंधन कार्यक्रम मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाला. तेथील ऊर्जा खात्याने संपूर्ण टाकीच्या वजनाच्या ६% हायड्रोजन २०१० पर्यंत व ९% २०१५ पर्यंत, असे लक्ष्य ठेवले. २००९ मध्ये अनुभवाअंती ही लक्ष्ये खाली आणण्यात आली व २०१० साठी ४.५% हे प्रमाण ठरविण्यात आले. सँडिया प्रयोगशाळेच्या नेतृत्वाखाली २००५ मध्ये सुरू झालेले धातू हायड्राइड संशोधन केंद्र २०१० मध्ये आपले काम संपवून बंद झाले. सर्व लक्ष्ये एकाच वेळी गाठणारा पदार्थ त्याला मिळाला नाही. दरम्यान मोटार उद्योगाने उच्च दाबाच्या टाक्यांचा मार्ग स्वीकारला होता. २०१४ च्या अखेरीस जपानमध्ये विक्रीस आलेल्या टोयोटा मिराई या गाडीत ७०० वातावरण दाबाच्या कार्बन तंतूंच्या टाक्या होत्या.

जेथे वजनाची अडचण नाही, तेथे मात्र जुनी हायड्राइडे यशस्वी झाली. जर्मन नौदलाच्या २१२ ए वर्गाच्या पाणबुड्यांत इंधन-विद्युत् घटांसाठी हायड्रोजन धातू हायड्राइडांत साठवितात. पाणबुडीला भाराची गरज असतेच. अमाइडांच्या बाबतीत यूरोपातील एका संयुक्त प्रकल्पाने २०११ नंतरच्या काही वर्षांत लिथियम-मॅग्नेशियम मिश्रण व लँथॅनम-निकेल कुळातील मिश्रधातू एकत्र घालून टाकी तयार केली. मिश्रधातूने थंड अवस्थेत लगेच हायड्रोजन पुरवावा व घट तापल्यावर अमाइडाने काम हाती घ्यावे, अशी ती योजना होती.

भारतात या विषयाचे दीर्घकालीन काम बनारस हिंदू विश्वविद्यालयात ओंकार नाथ श्रीवास्तव (मृत्यू २०२१) यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. तेथे हायड्राइडाच्या टाकीवर चालणाऱ्या मोटारसायकली व तीनचाकी वाहने बनविण्यात आली आणि मॅग्नेशियम हायड्राइड व अमाइड मिश्रणे यांवर दळणाचे प्रयोग करण्यात आले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही हायड्राइडांवर संशोधन झाले आहे. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिल्याने साठवणीच्या प्रश्नाला देशात नव्याने महत्त्व आले आहे.

मूल्यमापन : हायड्राइड-अमाइड मिश्रणांनी मोटारगाडीची टाकी दिली नाही, पण त्यांनी दिलेले ज्ञान वाया गेलेले नाही. दोन स्थिर संयुगे एकत्र आणून त्यांच्या बेरजेपेक्षा कमी उष्णतेत हायड्रोजन सोडविता येतो, हे तत्त्व त्यांनी प्रस्थापित केले आणि पुढे बोरोहायड्राइडांच्या मिश्रणांनाही ते लागू करण्यात आले. साठवणीतील शत्रू मानला गेलेला अमोनिया आता स्वतःच हायड्रोजनाचा वाहक म्हणून अभ्यासला जात आहे. सोडियम अमाइडाच्या साहाय्याने अमोनियापासून हायड्रोजन मिळविण्याची पद्धती डेव्हिड यांच्या गटाने २०१४ मध्ये मांडली. चेन यांच्या गटाने २०१७ मध्ये लिथियम हायड्राइडाचा उपयोग कमी तापमानाला अमोनिया बनविण्यासाठी केला आणि २०२० मध्ये कोरियातील संशोधकांनी लोहाचे चूर्ण चक्कीत दळत ४५° से. तापमानाला व एक वातावरण दाबाला नायट्रोजन व हायड्रोजन यांपासून अमोनिया मिळविल्याचे जाहीर केले. १९१० मधील एक नोंद बाण्णव वर्षे दुर्लक्षित राहून अखेर उपयोगी पडली, हे लक्षात घेता या मिश्रणांच्या बाबतीत अखेरचा निर्णय झाला, असे म्हणता येत नाही. वेग वाढविणे चक्कीच्या हाती आहे; योग्य संयुगाची निवड मात्र संशोधकालाच करावी लागते, एवढे या इतिहासावरून निश्चितपणे म्हणता येते.